चारशे अठ्ठ्याऐंशी मडकी

याकुत्स्क ते मॉस्को
चार हजार आठशे ऐंशी किलोमीटर.
क्युन्नेयनं फोन बापापुढे धरला.
गाव्रीलनं चष्मा शोधला नाही,
नुसतं विचारलं, म्हणजे किती क्योस?

(क्योस. कानाला आपला कोसच वाटतो,
पण त्याचं याचं काही नातं नसावं.
साखा लोकांच्या भाषेत क्योस म्हणजे मडकं.
चुलीवर मांस चढवायचं आणि निघायचं,
ते शिजेस्तोवर जेवढी वाट सरेल
तेवढा एक क्योस.
घोड्यावर दहा किलोमीटर, बैलावर सात,
पायी गेलात तर पाच.)

तिनं घोडा धरला. भागाकार केला.
चारशे अठ्ठ्याऐंशी.
म्हातारा हसला तेव्हा खालचा एकुलता दात दिसला.
"एवढं मांस आणायचं कुठून?"

उणे सत्तेचाळीस. धावपट्टीवर धुकं,
सुरीनं कापून पिशवीत भरावं असं.
विमान नऊ चाळीसला उडालं
आणि दहा वीसला उतरलं.
तिनं उतरल्या उतरल्या कळवलं, तर म्हणाला,
चाळीस मिनिटं? एवढ्यात पाण्याला आधणसुद्धा येत नाही.
बाबा, मधे सहा तास आहेत,
घड्याळानं लपवलेले.
मग?
मग परत येताना भरावे लागतात.
तो जरा वेळ गप्प.
"व्याजासकट?"

खरा हिशेब माशाकडे होता.
ओंडक्यासारखा गोठलेला चीर,
आधी वर्तमानपत्रात, मग जुन्या स्वेटरात गुंडाळून
बापानं बॅगेच्या तळाशी कोंबलेला.
खोलीवर पोचल्यावर तिनं बोटानं दाबून पाहिलं.
नुसती शेपटी मऊ झाली होती.
म्हणजे घर
एका शेपटीइतकं लांब.

मॉस्कोत रात्रीचे अकरा,
तिकडे पहाटेचे पाच.
तो चूल पेटवतो, ती गॅस.
फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा.
त्याचं घोड्याचं मांस, तिचं मूठभर बकव्हीट.
बोलणं फारसं नसतंच.
वासराच्या कानाला हिमबाधा झाली.
प्रोकोपीनं ट्रॅक्टर विकला, आता पस्तावतोय.
लेनेवरचा बर्फाचा रस्ता यंदा उशिरा खुला झाला.
तिचं दहा मिनिटांत शिजतं,
त्याचं तास झाला तरी नाही.
तुझा क्योस आखूड, तो म्हणतो.
तेव्हापासून ती आच कमी करते,
इतकी की ज्योत आहे का नाही
वाकून बघावं लागतं.

मांस शिजलं की तो झाकण वाजवतो
आणि आकडा सांगतो.
कितव्या दिवसापासून हे सुरू झालं, तिला आठवत नाही.
आधी वाटलं, वय झालं, काहीतरी मोजत बसतो.
मग एकदा म्हणाला,
"आज शंभर. घोडा दमलाय, पण ठीक आहे.
इथे झाडं बुटकी आहेत."
तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.
तो निघाला होता.

एप्रिलात तिनं बावीस रात्री फोन केला नाही.
नवी नोकरी, एक माणूस,
मग तो माणूस नाही.
तेविसाव्या रात्री लावला तर पहिल्याच रिंगला उचलला.
काही विचारलं नाही त्यानं.
चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.
"थांबलो होतो," म्हणाला, "एकशे एकतीसवर.
घोड्याला चारा दिला. जागा वाईट नव्हती,
वारा तेवढा जास्त.
चल, चढव मडकं."

तिनं पातेलं नळाखाली धरलं
आणि काठोकाठ भरलं,
एका माणसाच्या जेवणाला लागतं
त्याच्या चौपट पाणी.